नाकाडीसाठी इंजिन

बातमी आली त्या दिवशी ज्ञानोबा सकाळपासून नाकाडीच्या पोटाखाली उताणा पडला होता. भाद्रपद संपत आला होता. कमठाण्याच्या शिवारात मुगाची तोडणी झाली होती, उडीद खळ्यावर आला होता. अंगणात त्याची वहिनी शोभाबाई सुपानं उडीद पाखडत बसली होती. तिची दोन्ही लेकरं गाडीच्या केबिनमध्ये बसून हॉर्नचा रबरी फुगा दाबत होती, आणि दर वेळी शोभाबाई खालून ओरडायची, "अरे, काकाच्या कानात वाजायलाय की रे!"

नाकाडी म्हणजे त्यांच्या घरची जुनी मालगाडी. महायुद्धातली. ज्ञानोबाच्या वडिलांनी, रामरावांनी, ती सिकंदराबादेत लष्कराच्या लिलावातून घेतली होती. पुढचं नाक असं लांबलचक, की पोरांनी पहिल्याच दिवशी तिला नाकाडी म्हटलं आणि तेच नाव पडलं. केबिन मात्र रामरावांनी बीदरच्या सुताराच्या पुढ्यात उभं राहून सागवानाची करून घेतली होती. तिचा टप दमणी बैलगाडीच्या छपरासारखा गोल होता. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी समोरच्या फळीवर निळ्या रंगात चक्र काढून घेतलं. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर रामराव उभे राहत, त्या घरांचं धान्य मग त्यांच्याच गाडीतून बाजारात जाऊ लागलं. त्यामुळे रामराव वारले, पेट्रोल महागलं, शेवटी इंजिनाचा ठोकळाच तडकला, तरी दोघा भावांनी गाडी विकायचं नाव काढलं नाही.

थोरला बाबूलाल हुमनाबादच्या एका व्यापाऱ्याच्या डिझेल ट्रकवर ड्रायव्हर म्हणून राहिला. पंधरवड्याला घरी यायचा, आणि हातपाय धुऊन होण्याआधीच बोलणं सुरू व्हायचं ते नाकाडीला इंजिन कुठलं बसवायचं याचं.

"ज्ञानू, शेटच्या गाडीला हाय ना, तसलंच पाहिजे आपल्याला. चढावर पाय दाबला की पाठीत ढुसणी बसतीय बघ."

"नाकात मावायचं न्हाई दादा ते."

"मग एवढं नाक देवानं दिलंय कशाला तिला?"

"देवानं?"

"बरं बाबा, कंपनीनं."

वहिनी आतून हसायची. ज्ञानू म्हणणारा बाबूलाल एकटाच होता. बाकी सगळ्या गावाला तो ज्ञानोबा.

तर त्या दिवशी दुपारची बस येऊन गेली, आणि गाडीखालून ज्ञानोबाला दोन अनवाणी पाय दिसले. पाय चिखलानं पोटरीपर्यंत माखलेले, वाळलेला चिखल तडकलेला. ते पाय अंगणाच्या कडेला येऊन थांबले. पुढं येईनात.

"ज्ञानोबा... जरा भाईर ये."

तो व्यंकट होता. त्याच शेटची दुसरी गाडी चालवणारा. दोन्ही गाड्या नेहमी मागंपुढं असायच्या.

वहिनीच्या हातातलं सूप थांबलं. लेकरांनी एकदा हॉर्न वाजवला, आणि या खेपेला त्यांना कोणी ओरडलं नाही.

*

बाबूलालची गाडी उडदाची पोती घेऊन हुमनाबादकडे चालली होती. नाल्यावरच्या फरशी पुलाचा काठ पावसानं खचला होता. गाडी कुशीवर कलंडली. मागचा सगळा माल पुढं सरकला, केबिनची पाठ फुटली आणि पोती आत शिरली. अंगावर फार जखमा नव्हत्या. तो गुदमरून गेला, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दिवस गेले. पाव्हणेरावळे येऊन गेले. शेवटी उदगीरहून वहिनीचे भाऊ अंकुशराव आले. माणूस वाईट नव्हता. गूळपाणी घेतलं, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ज्ञानोबाला बाजूला घेऊन बोलले.

"पाव्हणं, राग मानू नका. दीड एकर कोरडवाहू, आन् दारात मेलेली गाडी. ह्याच्यावर माझी बहीण आन् दोन लेकरं कशी जगवायलात? तुरीच्या हंगामापस्तोर बघतो. गाडी रस्त्याला लागली तर बरंच हाय. न्हाई तर मी तिघांना उदगीरला नेतो, आन् गाडी भंगारात घाला."

वहिनी दाराआड होती. अंकुशराव गेल्यावर ती म्हणाली, "मला जायचं न्हाई, भाऊजी. लेकरं ह्या घरची हायत." आणि मग गाडीकडे बघत, "तेवढं इंजन बघा."

तेवढं इंजिन बघायला ज्ञानोबा बीदरला गेला. गवानच्या मदरशाकडे ईरण्णा मिस्त्रीचं गॅरेज होतं. ईरण्णा रामरावांचा जुना दोस्त. कपाळावर भस्म, हातावर ग्रीस. इंजिन पारखायची त्याची एकच रीत होती. हातभर लांबीची पोलादी सळई. तिचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. बाहेरचा सगळा गोंगाट मग दूर जातो आणि लोखंडाच्या आतलं ऐकू येतं. ही रीत त्यानं दोघा भावांनाही शिकवली होती.

"दोन इंजनं हायत," ईरण्णा म्हणाला. "एक मादन हिप्परग्याला, तिप्पण्णाच्या गुऱ्हाळात. दुसरं..." तो थांबला. "शेटनी निरोप धाडलाय. त्या गाडीचं इंजन शाबूत हाय म्हणे. घरच्यांनी न्यावं."

"आधी हिप्परग्याला जाऊ," ज्ञानोबा म्हणाला.

तिप्पण्णा दिलखुलास माणूस. "बन्नी, बन्नी, या! वीज आली म्हून मोटर बसवायलोय, न्हाई तर ह्याला हात लावू दिला नसता अण्णा! माझ्या बायकोपरीस कमी कुरकुर करतंय." त्यानं इंजिन चालू करून दाखवलं. उसाच्या रसाचा गोड वास, चुलवणाचा धूर, आणि मधे ते इंजिन खोकत होतं. ईरण्णानं सळई लावली, मग ज्ञानोबानं. आत सगळं सैल झालं होतं, म्हाताऱ्याच्या दातांसारखं.

"बायकोला सांगू नको," ईरण्णा तिप्पण्णाला म्हणाला, "पण कुरकुर ह्याचीच जास्त हाय." बाहेर आल्यावर मात्र हसला नाही. "ऊस पिळायला ठीक हाय ज्ञानोबा. भरल्या गाडीनं चढ चढायचं न्हाई. पहिल्याच हंगामात बसंल."

*

हुमनाबादला ते दिवसाढवळ्या गेले. शेटच्या गोदामामागं भिंतीला लागून ती गाडी उभी करून ठेवली होती. केबिन चेपून सपाट झालेली. काचांच्या जागी काही नाही. सांदीत उडदाचे दाणे पडून पावसानं त्यांना मोड आले होते, आणि आता ते मोडही वाळून गेले होते. आवारात माणूसकाणूस नव्हतं. गोदामात कुठंतरी कबुतरं घुमत होती. कुजक्या धान्याचा आंबूस वास सुटला होता.

व्यंकट बॅटरी घेऊन आला. तारा जोडता जोडता तो ज्ञानोबाकडे न बघता बोलू लागला. इतक्या दिवसांत तो हे कोणापाशी बोलला नव्हता.

"इंजन चालूच व्हतं, ज्ञानोबा."

"कवा?"

"तवाच. गाडी आडवी पडली, पण इंजन चालूच. आम्ही पाचसहा जण पोती उपसायलो. हाका मारायलो. पण त्या आवाजात... माणूस जवळ उभा असला तरी ऐकू येईना. बंद करावं तर हात कुठून घालावा, सगळं चेपलेलं. लई वेळ चाललं ते. मग आपलं आपणच बंद पडलं. तवा कान दिला..." त्यानं तार घट्ट आवळली. "तवा आत शांत झालं व्हतं."

ज्ञानोबानं बॅटरीची दुसरी तार उचलून त्याच्या हातात दिली.

ईरण्णानं खिशातून लिंबू काढलं. ज्ञानोबानं हात आडवा केला.

"आमच्यात चालत न्हाई ते, मामा."

"तुमच्यात चालत न्हाई ते मला काय आजच कळालंय? रामरावानं ह्या लिंबापायी माझ्याशी दोन वर्सं वाद घातलाय." ईरण्णा शांतपणे म्हणाला. "मी इंजनासाठी कापायलो न्हाई. माझ्या हातासाठी कापायलोय." आणि त्यानं ते भिंतीपाशी जाऊन कापलं.

पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. ना धूर, ना खोकला. एवढे महिने ऊनपावसात पडलेलं इंजिन असं लागत नाही. ईरण्णानं सळई टेकवली, डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"दूध हाय, दूध. ऐक."

ज्ञानोबानं सळई घेतली. हाडाला लावली. आवार दूर गेलं, कबुतरं दूर गेली. आतल्या दट्ट्यांची एकसारखी चाल ऐकू आली. झडपांची बारीक टिकटिक. तेलाची सळसळ. खरंच, कुठं खोट नव्हती. तो सळई काढणार, तेवढ्यात त्या सगळ्याच्या खालून, फार खालून, काहीतरी आलं.

थाप. पत्र्यावर हाताची थाप पडावी तशी. मग थोडं थांबून पुन्हा. ती इंजिनाच्या चालीत बसत नव्हती. इंजिनातला प्रत्येक आवाज चालीला बांधलेला असतो. हा आवाज मोकळा होता. दमल्यासारखा होता. दोन थापांमधलं अंतर वाढत होतं... आणि त्या अंतरात, तोंडावर काही दाबून धरल्यावर निघावा तसा शब्द.

...ज्ञानू...

त्याच्या हातातून सळई निसटली. फरशीवर पडून ती वाजत राहिली.

"काय झालं? ठोका हाय का कुठं?" ईरण्णानं सळई उचलून पुन्हा लावली. पुष्कळ वेळ ऐकलं. इथं लावली, तिथं लावली. "कायबी न्हाई. काय ऐकलंस?"

"...कुणीतरी आत हाय, मामा."

ईरण्णानं त्याच्याकडे बघितलं. मग व्यंकटला हातानं खूण केली. व्यंकटनं डिझेलचा कॉक बंद केला. इंजिन दोनचार श्वास चाललं आणि थांबलं. त्यानंतरची शांतता ज्ञानोबाला सहन होईना. तिघंही, न ठरवता, चेपलेल्या केबिनकडे कान देऊन उभे राहिले.

आत शांत होतं.

"मनाचं असतंय," येताना बसमध्ये ईरण्णा म्हणाला.

*

दिवेलागणीला ज्ञानोबा घरी पोचला. वहिनीनं पाण्याचा तांब्या दिला, ताटलीत भाकरी वाढली आणि समोर उभी राहिली.

"हिप्परग्याचं घ्यावं म्हणतो," तो म्हणाला.

"ईरण्णा मामा काय म्हणलं?"

"तेच म्हणलं."

खोटं त्याला कधी बोलता यायचं नाही. वहिनीनं कंदिलाची वात थोडी वर केली.

"आन् ह्यांच्या गाडीचं?"

"ते नको."

"खराब झालंय?"

"न्हाई."

"मग कामून नको?"

तो ताटलीकडे बघत राहिला. भाकरी गार होत होती. काय सांगणार होता? की तुमचा नवरा आत थापा मारायलाय, आणि बंद केलं की त्याचा आवाज बंद होतो? की इंजिन चालू होतं म्हणूनच त्याची हाक कोणाला ऐकू आली नव्हती?

"हिप्परग्याचं इंजन चढ चढंल?" वहिनीनं विचारलं.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला.

"भाऊजी, तूर कापणीला आली. उदगीरहून माझा दादा पुढच्या आठवड्यात यायलाय. मी लेकरांची कापडं बांधून ठिवू का सोडून ठिवू, तेवढं सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि सांगायचं नसंल तर मला तिथं न्या. मी बघते."

"तुम्ही काय बघणार, वहिनी?"

"तुम्ही जे बघितलंत ते."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला हुमनाबादला नेलं. ईरण्णा सोबत होता. ती गाडी बघून वहिनी रडेल, खाली बसेल, असं ज्ञानोबाला वाटलं होतं. तिनं फक्त चेपलेल्या दाराच्या कडेवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग म्हणाली, "चालू करा."

इंजिन पुन्हा पहिल्या झटक्यात लागलं. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, सळई मागितली. ईरण्णानं तिला कानामागची जागा दाखवली. तिनं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत ती ऐकत राहिली.

ज्ञानोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आधी काहीच झालं नाही. मग तिची बोटं सळईवर आवळली गेली, नखं पांढरी पडली. ओठ हलले. इंजिनाच्या आवाजात तिचे शब्द कळायला मार्ग नव्हता. ती थांबायची, ऐकायची, आणि पुन्हा ओठ हलायचे... समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसे. ईरण्णा हळूच दोन पावलं मागं सरकला.

ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. भिंतीवरची उन्हाची रेघ सरकून विटांच्या खाली गेली होती.

मग तिनं सळई काढली. लेकराचं तोंड पुसावं तसं पदरानं तिचं टोक पुसलं, आणि ईरण्णाच्या हातात दिली.

"चांगलं हाय इंजन," ती म्हणाली. "हेच बसवा."

*

इंजिन नाकाडीत बसलं. बसेल की नाही म्हणून ईरण्णानं कापाकापीची सगळी तयारी ठेवली होती. पण ते साखळीवरून खाली सोडलं आणि कुठं न घासता, कुठं न अडता, ते आपल्या जागी जाऊन टेकलं. एक पट्टीसुद्धा कापावी लागली नाही. ईरण्णानं चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं. "माप घेऊन ठिवल्यागत बसलं की रे," एवढंच म्हणाला, आणि चहा न घेता निघून गेला.

तुरीच्या हंगामात नाकाडी रस्त्याला लागली. अंकुशराव आले, गाडीत बसून बीदरला जाऊन आले आणि एकटेच उदगीरला परतले. लेकरं कमठाण्यात राहिली, शाळेत गेली, मोठी झाली. पोरीचं लग्न झालं, पोरगा बीदरला कचेरीत लागला. बाबूलाल म्हणायचा तशीच ढुसणी चढावर पाठीला बसायची. इतक्या वर्षांत ते इंजिन ज्ञानोबाला रस्त्यात कधी सोडून गेलं नाही. त्यानंही पुन्हा त्याला सळई लावली नाही.

वहिनीचं एकच होतं. गाडी दारात आली की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि म्हणायची, "बंद करा आधी. बोलणं मागून." इंजिन थांबलं की क्षणभर तशीच उभी राहायची. मग आत जायची.

आणि ते पोतं. थंडीच्या दिवसांत इंजिन गारठू नये म्हणून पुढच्या जाळीवर पोतं टाकून ठेवतात, सगळेच ड्रायव्हर ठेवतात. सकाळी काढावं तर पोत्याच्या आतल्या बाजूला ओल असायची. दव म्हणावं तर बाहेरून पोतं कोरडं. गाडी चारचार दिवस जागची हललेली नसली तरी असायची. तळहाताएवढीच, एका जागी. हात लावला तर कोमट, तोंडाशी धरलेल्या फडक्यासारखी. वहिनी काही न बोलता ते पोतं उन्हात वाळत घालायची आणि संध्याकाळी स्वतः जाळीवर टाकायची, पण सैल. कधी घट्ट बांधू दिलं नाही.

वहिनी गेल्या श्रावणात गेली. शेवटचे दोन दिवस शुद्धीवर होती. ज्ञानोबा खाटेशी बसून होता. दोघं पुष्कळ बोलले, पोरांचं, पावसाचं, उडदाचं.

यंदाच्या थंडीत त्यानं नेहमीसारखं पोतं टाकलं. सकाळी काढलं तेव्हा आतल्या बाजूला ओलीच्या दोन जागा होत्या, शेजारी शेजारी.

त्या दुपारी हुमनाबादला सळईतून वहिनीला काय ऐकू आलं आणि ती काय बोलली, हे तिला विचारायचं राहून गेलं.